शंका-समाधान : गिटचा कोड ब्राउझरवर दाखवताना

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणारी प्रणाली, आणि रिपॉझिटरी म्हणजे त्या इतिहासासकट ठेवलेलं एका प्रकल्पाचं फोल्डर. आपल्याच सर्व्हरवरच्या गिट रिपॉझिटऱ्या ब्राउझरमध्ये दाखवण्याविषयीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेक वाचकांनी सीगिट बसवलं आहे. गिटच्याच कोडवर उभा असलेला सी भाषेतला हा छोटा प्रोग्रॅम. लिनक्स कर्नलचं गिट संकेतस्थळ त्याच्यावरच चालतं. त्यामुळे उत्तरं डेबियन (लिनक्सचं एक वितरण), एनजिनएक्स (वेब सर्व्हर) आणि सीगिट धरून दिली आहेत. सेटिंगांची, कमांडची आणि फोल्डरची नावं इथे उच्चाराप्रमाणे छापली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहा, आकडेही रोमनच.

प्रश्न : सीगिट आणि एनजिनएक्स बसवलं. पान उघडतं, शीर्षक दिसतं, पण खाली ‘नो रिपॉझिटरीज फाउंड’. रिपॉझिटऱ्या /एसआरव्ही/गिट मध्ये आहेत आणि मला एसएसएचवरून व्यवस्थित मिळतात. (नाशिक)

तुम्हाला मिळतात, कारण तुम्ही तुमच्या नावाने आत शिरता. सीगिट शिरतं वेब सर्व्हरच्या नावाने. डेबियनवर तो युजर म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. त्याला फोल्डर वाचता येत नसेल तर सीगिट पानावर तक्रार करत बसत नाही, सरळ ‘काही नाही’ म्हणतं. म्हणून पहिली तपासणी त्याच्याच नावाने करा : ‘सुडो -यू’ लावून त्या युजरच्या नावे रिपॉझिटरीच्या फोल्डरवर ‘एलएस’ चालवा. ‘परमिशन डिनाइड’ आलं की ‘नेमआय -एल’ला पूर्ण पाथ द्या. मुळापासून शेवटपर्यंत प्रत्येक फोल्डरचा मालक आणि परवानगी एकाखाली एक छापली जाते. बहुतेक वेळा दोष रिपॉझिटरीत नसतो, वरच्या एखाद्या फोल्डरला इतरांसाठी ‘एक्स’ (आत शिरण्याची परवानगी) नसतो. रिपॉझिटऱ्या कुणाच्या होम फोल्डरमध्ये ठेवल्या असतील तर हे हमखास.

परवानगी ठीक असेल तर ब्राउझर आणि एनजिनएक्स दोघांना बाजूला काढा. सीगिट हा साधा सीजीआय प्रोग्रॅम (मागणी आली की वेब सर्व्हरच्या वतीने चालणारा) आहे, टर्मिनलवरही चालतो. त्याच युजरच्या नावाने /यूएसआर/लिब/सीगिट/सीगिट.सीजीआय चालवलं की मुख्य पानाचं एचटीएमएल समोर येतं. क्वेरी_स्ट्रिंग या व्हेरिएबलमध्ये ‘यूआरएल=रिपॉझिटरीचं नाव’ दिलंत तर त्या रिपॉझिटरीचं पान. (व्हेरिएबलची नावं मात्र मोठ्या अक्षरांत.) सीगिट_कॉन्फिग या व्हेरिएबलमध्ये दुसऱ्या फाइलचा पाथ देऊन चालू सेटअपला हात न लावता प्रयोगही करता येतात. टर्मिनलवर यादी दिसते आणि ब्राउझरवर नाही, म्हणजे घोळ एनजिनएक्सच्या बाजूला. दोन्हीकडे नाही, म्हणजे परवानगी किंवा कॉन्फिग फाइल.

एक इशारा. त्या युजरच्या नावाने ‘गिट लॉग’ चालवून पाहाल तर ‘डिटेक्टेड ड्युबियस ओनरशिप’ असा नकार मिळेल. एप्रिल २०२२ मधल्या गिट २.३५.२ पासून दुसऱ्याच्या मालकीच्या रिपॉझिटरीत गिट आपणहून काम करत नाही. त्या नकारावरून सीगिटलाही वाचता येत नसणार असा निष्कर्ष काढू नका. सीगिट रिपॉझिटरीचा पाथ गिटला थेट नेमून देतं, त्यामुळे ही तपासणी त्याच्या वाटेत येत नाही. रिपॉझिटऱ्यांची मालकी बदलून मोकळे होणारे इथेच फसतात, कारण मग पुश (आपले बदल सर्व्हरवर पाठवणं) बंद पडतं.

यादीत बाकी सगळं आहे, फक्त आत्ता बनवलेली रिपॉझिटरी नाही, असं असेल तर ती कॅशची (बनवलेली पानं तात्पुरती साठवण्याची) करामत. कॅश चालू असताना फोल्डर धुंडाळून काढलेली यादी १५ मिनिटं जपून ठेवली जाते. थांबायचं नसेल तर /व्हार/कॅश/सीगिट मधल्या ‘आरसी-’ने सुरू होणाऱ्या फाइली उडवा. मुख्य पान स्वतः आणखी ५ मिनिटं शिळं राहू शकतं, तेवढं चालवून घ्या.

प्रश्न : रूट-टायटल बदललं की लगेच दिसतं. पण रीडमी, स्नॅपशॉट आणि अबाउट-फिल्टर लिहूनही काहीच होत नाही. फाइल एकच आहे ना? (पुणे)

सीगिटची कॉन्फिग फाइल एकच, पण ती वरून खाली एकदाच वाचली जाते. स्कॅन-पाथची ओळ आली की सीगिट तिथेच थांबून फोल्डर धुंडाळतं आणि सापडलेल्या प्रत्येक रिपॉझिटरीला त्या क्षणापर्यंत वाचलेली सेटिंगं चिकटवतं. रीडमी, स्नॅपशॉट्स, अबाउट-फिल्टर, सोर्स-फिल्टर, रिमूव्ह-सफिक्स, एनेबल-गिट-कॉन्फिग, सेक्शन-फ्रॉम-पाथ, प्रोजेक्ट-लिस्ट, स्ट्रिक्ट-एक्सपोर्ट ही सगळी त्या ओळीच्या आधी हवीत. नंतर लिहिलेली वाया. रूट-टायटल किंवा सीएसएसचा पत्ता पानाशी बांधलेला असतो, रिपॉझिटरीशी नाही, म्हणून तो कुठेही चालतो आणि माणूस चकतो. सोपा नियम : स्कॅन-पाथ फाइलीची शेवटची ओळ.

फाइल वाचण्याच्या पद्धतीतले आणखी तीन खड्डे. एक, बरोबरच्या चिन्हाच्या आधी जागा सोडली तर ती जागा नावाचाच भाग होते आणि सेटिंग गुपचूप दुर्लक्षित होतं. दोन, ओळीच्या शेवटी टीप लिहिलीत तर ती किमतीत (चिन्हापुढच्या मजकुरात) मिसळते. टीप नेहमी वेगळ्या ओळीवर, सुरुवातीला # लावून. तिसरा सगळ्यांत वाईट : ज्या ओळीत बरोबरचं चिन्हच नाही तिथे वाचन संपतं, पुढची अख्खी फाइल नसल्यासारखी. चुकून पेस्ट झालेला एक सुटा शब्दही पुरतो, आणि लॉगमध्ये अवाक्षर येत नाही. निम्मी सेटिंगं चालतात आणि निम्मी नाहीत असं दिसलं की जिथून चालत नाहीत त्याच्या लगेच वरची ओळ बघा.

रीडमीसाठी किमतीची सुरुवात कोलनने करा (:रीडमी.एमडी, नाव रिपॉझिटरीतल्या फाइलीसारखंच, लहान-मोठ्या अक्षरांसकट). त्याचा अर्थ ‘मुख्य ब्रांचमधली फाइल’. ते नसेल तर सीगिट डिस्कवर तशी फाइल शोधतं, आणि बेअर (फक्त इतिहास ठेवणाऱ्या, फाइली उलगडून न ठेवणाऱ्या) रिपॉझिटरीत ती कुठून सापडणार? रीडमीच्या अनेक ओळी लिहिता येतात, पहिली सापडेल ती घेतली जाते. फाइल सापडूनही ‘अबाउट’चं पान कोरं येत असेल तर मार्कडाउनचं रूपांतर करणाऱ्या पायथनच्या मार्कडाउन आणि पिगमेंट्स या दोन्ही पॅकेजची खात्री करा, एक नसलं तरी फिल्टर पडतो. त्याची रड एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये दिसते.

आणि हे जरूर ध्यानात घ्या : मार्कडाउनमध्ये लिहिलेलं कच्चं एचटीएमएल, स्क्रिप्टसकट, जसंच्या तसं पानावर उतरतं. रिपॉझिटरीत बाहेरचे लोक पुश करत असतील तर सीगिटला स्वतंत्र सबडोमेन द्या. ज्या डोमेनवर तुमचं लॉगिन चालतं तिथे ते ठेवू नये.

प्रश्न : कधी ५०२, कधी ४०३. आणि पान उघडलं तरी सगळं विस्कटलेलं, रंग-रूप काही नाही. (कोल्हापूर)

एनजिनएक्सला सीजीआय चालवता येत नाही. मध्ये एफसीजीआय-रॅप लागतं. ५०२ म्हणजे एनजिनएक्स त्याच्यापर्यंत पोहोचलंच नाही : सर्व्हिस बंद आहे, सॉकेटचा पाथ चुकला आहे (डेबियनवर तो /रन/एफसीजीआयरॅप.सॉकेट) किंवा सॉकेटवर परवानगी नाही. ४०३ म्हणजे पोहोचलं, पण चालवायचा प्रोग्रॅम सापडला नाही. तिथे स्क्रिप्ट_फाइलनेम या पॅरामीटरमध्ये (पॅरामीटरची नावंही मोठ्या अक्षरांत) सीगिट.सीजीआयचा पूर्ण पाथ आहे का ते पाहा. सोबत पाथ_इन्फोला एनजिनएक्सचा ‘$यूआरआय’ द्या आणि सीगिटच्या फाइलीत व्हर्च्युअल-रूट=/ लिहा, नाहीतर आतल्या लिंका भलत्याच पत्त्यावर जातात.

रंग-रूप गेलं कारण सीएसएसची मागणीही सीगिटकडेच चालली आहे आणि ते त्या नावाची रिपॉझिटरी शोधतंय. डेबियनच्या मूळ फाइलीत सीएसएसचा पत्ता /सीगिट-सीएसएस/ असा असतो. एनजिनएक्समध्ये त्या पत्त्यासाठी वेगळा लोकेशन ब्लॉक करून त्याचा एलियास /यूएसआर/शेअर/सीगिट/ ला द्या. दोन्हीकडे शेवटचा स्लॅश हवा.

प्रश्न : ग्राहकांच्या कामाच्या काही रिपॉझिटऱ्या आहेत. त्यांना रेपो.हाइड=१ लावलं की काम झालं का? (ठाणे)

नाही. हाइड फक्त यादीतून नाव काढतं. पत्ता ठाऊक असलेला कुणीही ती उघडू शकतो, क्लोनही करू शकतो (म्हणजे पूर्ण प्रत उतरवून घेऊ शकतो), आणि ग्राहकाच्या नावावर ठेवलेलं रिपॉझिटरीचं नाव ओळखायला फार डोकं लागत नाही. रेपो.इग्नोर=१ लावलं तर यादीतही नाही आणि थेट पत्त्यावरही नाही.

पण आमच्या मते हा दरवाजाच उलट्या बाजूने बसवावा. ‘ही सोडून सगळं दाखव’ असं सांगण्यापेक्षा ‘एवढंच दाखव’ सांगा. स्ट्रिक्ट-एक्सपोर्टला ‘गिट-डीमन-एक्सपोर्ट-ओके’ ही किंमत द्या (स्कॅन-पाथच्या आधी!). मग ज्या रिपॉझिटरीच्या फोल्डरमध्ये त्या नावाची रिकामी फाइल आहे तेवढीच दिसते. उद्या कुणी घाईत नवी रिपॉझिटरी बनवली आणि काही लावायला विसरला, तर ती झाकलेली राहील. आणि खरोखर गोपनीय असेल तर ती डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला वाचताच येऊ नये, म्हणजे सेटिंग चुकलं तरी फाइल सिस्टिम आडवी येते.

प्रश्न : गिटोलाइटच्या मागे सीगिट लावलं आहे. ग्रुपमध्ये वेब-युजर घातला, तरी काही दिसत नाही. (औंध, पुणे)

गिटोलाइट, म्हणजे कुणाला कुठल्या रिपॉझिटरीत जाऊ द्यायचं ते ठरवणारा प्रोग्रॅम, मुळातच सगळं फक्त स्वतःपुरतं ठेवतं. त्याचा उमास्क (नव्या फाइलींवरचे कुठले हक्क काढायचे तो आकडा) ००७७ असतो. त्यामुळे ग्रुपमध्ये घालून उपयोग नाही, ग्रुपलाच काही हक्क नाहीत. क्रमाने करा : ‘.गिटोलाइट.आरसी’मध्ये उमास्क (हे नाव मोठ्या अक्षरांत) ००२७ करा. ते फक्त पुढच्या फाइलींना लागू होतं, म्हणून जुन्या रिपॉझिटऱ्यांवर एकदा ‘सीएचमॉड -आर जी+आरएक्स’ चालवा, त्यातला ‘-आर’ मोठा आणि शेवटचा एक्सही मोठा, म्हणजे साध्या फाइली एक्झिक्युटेबल होणार नाहीत. प्रोजेक्ट्स.लिस्ट ही फाइल आणि गिटोलाइटचं होम फोल्डर या दोन्हींनाही ग्रुपचा हक्क लागतो. शेवटी एफसीजीआय-रॅप रीस्टार्ट करा. चालू प्रोसेसला नवा ग्रुप मिळत नाही, आणि हे विसरल्यामुळे लोक केलेले बरोबर बदल चूक समजून उलटवत बसतात.

प्रोजेक्ट-लिस्टला त्या प्रोजेक्ट्स.लिस्टचा पाथ दिला की गिटोलाइटमध्ये ‘गिटवेब’ या नावाला वाचायचा हक्क दिलेल्या रिपॉझिटऱ्याच सीगिटमध्ये येतील. एनेबल-गिट-कॉन्फिग=१ केलंत तर प्रत्येक रिपॉझिटरीच्या कॉन्फिगमधलं गिटवेब.ओनर, गिटवेब.डिस्क्रिप्शन आणि गिटवेब.कॅटेगरी उचललं जातं. कॅटेगरीप्रमाणे यादीचे गट पडतात.

प्रश्न : दोन कोअरचा छोटा व्हीपीएस आहे. गेल्या काही महिन्यांत सीगिटमुळे तो सतत १०० टक्के. भेट देणारी माणसं फार नाहीत. सर्व्हर मोठा घ्यावा का? (पणजी)

घेऊ नका, तोही भरेल. हे क्रॉलर (साइटची पानं आपोआप गोळा करणारे बॉट) आहेत, आणि कोड दाखवणारी साइट त्यांच्यासाठी तळ नसलेली विहीर आहे. हिशोब करून पाहा : ५,००० कमिट आणि ३०० फाइलींची मध्यम रिपॉझिटरी घेतली तर ‘या कमिटला ही फाइल कशी होती’ एवढ्या एकाच प्रकारची १५ लाख पानं होतात. त्यावर डिफ, लॉग, प्लेन वेगळे. प्रत्येक पानासाठी एक नवी सीगिट प्रोसेस सुरू होते, आणि सोर्स-फिल्टरला पिगमेंट्स (कोड रंगवणारं पायथनचं पॅकेज) लावलं असेल तर तिच्यापाठोपाठ अख्खा पायथन.

आधी महागड्या गोष्टी कमी करा. स्नॅपशॉट्सची ओळ काढून टाका. ती असेल तर प्रत्येक कमिटसाठी टार किंवा झिप जागच्या जागी बांधून द्यावी लागते. एनेबल-ब्लेम ०, मॅक्स-स्टॅट्स नको, एनेबल-लॉग-फाइलकाउंट आणि एनेबल-लॉग-लाइनकाउंट दोन्ही ०. शेवटची दोन निरुपद्रवी वाटतात, पण लॉगच्या एका पानावर ५० कमिट असतात आणि आकडा छापायला त्या पन्नासांचे डिफ काढावे लागतात. सोर्स-फिल्टर रंगांची हौस आहे. भार असेल तर तीही बंद.

कॅशकडून फार अपेक्षा नको. कॅश-साइझ मुळात ० म्हणजे बंद असते, ती १००० करा. हा आकडा एमबीचा नाही, जागांचा आहे : हजार जागा, प्रत्येकीत एक पान, आणि दुसरं पान त्याच जागी आलं की पहिलं पुसलं जातं. माणसं तीच ती पानं बघतात, त्यांच्यासाठी कॅश उत्तम. क्रॉलर प्रत्येक वेळी नवं पान मागतो, म्हणजे उपयोग शून्य आणि वर माणसांसाठी साठवलेलंही तो पुसत जातो. कॅशचं फोल्डर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला लिहिता येतं ना तेही पाहा. नसेल तर सीगिट कॅशविना चालत राहतं आणि फक्त लॉगमध्ये कुरकुरतं.

नंतर एनजिनएक्स. सभ्य बॉटसाठी रोबोट्स.टीएक्सटी लिहाच. पण त्रास देणारे ते वाचत नाहीत आणि हजारो आयपीवरून एकेक विनंती करतात. म्हणून आयपीगणिक लावलेला लिमिट_रेक (विनंत्यांचा वेग रोखणारं एनजिनएक्सचं सेटिंग) त्यांना लागतच नाही. इथे एक युक्ती चालते : लिमिट_रेक_झोनची किल्ली आयपीऐवजी सर्व्हरचं नाव ठेवा. मग मर्यादा सगळ्यांची मिळून एक होते. ती अख्ख्या साइटला लावू नका. पत्त्यात ‘आयडी’ हा आर्ग्युमेंट असलेल्या, म्हणजे जुन्या कमिटच्या पानांनाच लावा. सेकंदाला ५ विनंत्या आणि बर्स्ट १० इथून सुरुवात करून लॉग बघत बदला. किल्ली रिकामी असेल तर एनजिनएक्स ती विनंती मोजतच नाही. म्हणून ‘मॅप’ वापरून ‘आयडी’ नसलेल्या पत्त्यांची किल्ली रिकामी ठेवायची. मुख्य पान, रीडमी आणि आजचा कोड माणसांना झटकन मिळतो, जुन्या इतिहासाच्या रांगेत बॉट उभे राहतात. कधीमधी एखाद्या माणसालाही ५०३ दिसेल. तो सौदा आम्हाला मान्य आहे.

एफसीजीआय-रॅप मुळात एकच प्रोसेस चालवतं. एक संथ पान आलं की मागचे सगळे खोळंबतात. ‘-सी’ ऑप्शनने संख्या वाढवता येते, पण दोन कोअरवर ४ च्या पुढे जाऊ नका, कारण हीच संख्या तुमची शेवटची वेस आहे. बदल ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ने करा : सर्व्हिस विभागात आधी रिकामी ‘एक्झेकस्टार्ट=’ ओळ (त्यातले ई आणि एस मोठे), मग नवी. रिकामी ओळ विसरलात तर सिस्टिमडी दोन कमांड दिल्याची तक्रार करून सर्व्हिसच नाकारतं.

एवढ्यानेही भागत नसेल तर दोन मार्ग उरतात. अनुबिस हे २०२५ मध्ये आलेलं साधन पुढे उभं करता येतं. ते ब्राउझरला छोटं गणित सोडवायला लावून मगच आत सोडतं. मूळ सेटिंगमध्ये फक्त ‘मोझिला’ म्हणवणाऱ्यांना अडवत असल्यामुळे गिटने केलेलं क्लोन बिनदिक्कत चालतं. जावास्क्रिप्ट बंद ठेवणारे वाचक मात्र बाहेर राहतात. दुसरा मार्ग स्टॅगिट : पुश झालं की ते साधी एचटीएमएल पानं बनवून ठेवतं, मागणी आल्यावर काहीच मोजायचं नाही. फाइली फक्त ताज्या स्थितीतल्या दिसतात, इतिहासाचा डिफ कमिटगणिक मिळतो. लहान, अधूनमधून बदलणाऱ्या प्रकल्पांना आम्ही हेच सुचवू. तिथे फोर्स-पुश (जुना इतिहास बदलून टाकणारं पुश) झालं तर जुनी कॅश फाइल आणि कमिटची पानं पुसून सगळं नव्याने बनवावं लागतं, एवढं हुकमध्ये (पुश झाल्यावर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) लिहा.

प्रश्न : सीगिटने दाखवलेल्या पत्त्यावरून क्लोन होतं, पण फार हळू. ‘--डेप्थ १’ दिलं तर एररच येते. (बंगळुरू)

सीगिटला क्लोनची ‘डम्ब’ म्हणतात ती जुनी पद्धतच येते. त्यात सर्व्हर फाइली जशा पडल्या आहेत तशा देतो. हवं तेवढं बांधून देणं त्याला जमत नाही, म्हणून अर्धवट खोलीचं क्लोन अशक्य. क्लोनचं काम सीगिटकडून काढून गिट-एचटीटीपी-बॅकएंडकडे द्या, ते गिटसोबतच येतं (डेबियनवर /यूएसआर/लिब/गिट-कोअर मध्ये). एनजिनएक्समध्ये ज्या पत्त्यांच्या शेवटी ‘इन्फो/रेफ्स’ किंवा ‘गिट-अपलोड-पॅक’ येतं तेवढेच त्याच्याकडे वळवा, बाकी सीगिटकडे. पॅरामीटर तीन : गिट_प्रोजेक्ट_रूट म्हणजे रिपॉझिटऱ्यांचं फोल्डर, पाथ_इन्फो, आणि गिट_एचटीटीपी_एक्सपोर्ट_ऑल. पण वर सांगितलेली स्ट्रिक्ट-एक्सपोर्टची पद्धत वापरत असाल तर हा तिसरा देऊ नका. बॅकएंडही त्याच नावाची फाइल पाहतं, त्यामुळे जे दिसत नाही ते क्लोनही होत नाही.

मालकीची तपासणी इथे मात्र आडवी येते. नव्या गिटमध्ये क्लोन देणारा प्रोग्रॅमही दुसऱ्याच्या रिपॉझिटरीला नकार देतो. सेफ.डिरेक्टरीमध्ये एकेका रिपॉझिटरीचा पाथ ‘गिट कॉन्फिग --सिस्टिम --अ‍ॅड’ने घाला. ‘--ग्लोबल’ वापरलंत तर ते तुमच्या होममध्ये लिहिलं जाईल आणि बॅकएंडला दिसणार नाही.

मग सीगिटमध्ये एनेबल-एचटीटीपी-क्लोन=० करा आणि क्लोन-प्रीफिक्समध्ये साइटचा पत्ता द्या. २०१८ मध्ये सीगिटच्या याच क्लोन विभागात सर्व्हरवरची भलतीच फाइल वाचू देणारी त्रुटी सापडली होती, ती १.२.१ मध्ये बुजवली. त्याहून जुनं सीगिट कुठे चालू असेल तर आजच बदला.

प्रश्न : आमच्या रिपॉझिटरीत मराठी मजकुराच्या फाइली आहेत. सीगिटमध्ये ओळींचे आकडे एकीकडे आणि ओळी दुसरीकडे. खाली जावं तसा फरक वाढत जातो. (रत्नागिरी)

कारण आकडे आणि मजकूर दोन वेगळ्या रकान्यांत आहेत आणि प्रत्येक रकाना आपापल्या उंचीने खाली जातो. कोडसाठीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसते. ब्राउझर ती अक्षरं दुसऱ्या फॉन्टमधून आणतो आणि वेलांट्या-उकारांमुळे तो फॉन्ट उंच असतो. ज्या ओळीत देवनागरी आहे ती थोडी जाड होते, तिचा आकडा होत नाही. पहिल्या पाच-दहा ओळींत कळतही नाही, दोनशेव्या ओळीला आकडा पार दुसऱ्याच ओळीसमोर असतो. त्या आकड्यावर बोट ठेवून कुणाला ‘ही ओळ बघ’ म्हटलं की झालाच गोंधळ.

ओळीची उंची ठरवून दिली की प्रश्न मिटतो. ‘डिव्ह#सीगिट टेबल.ब्लॉब प्री’ या सिलेक्टरला लाइन-हाइट १.६ द्या, दोन्ही रकान्यांना तीच लागू होते. मूळ सीएसएस फाइल बदलू नका, पॅकेज अपडेट झालं की बदल पुसला जाईल. ‘स्टाइल’ टॅगमध्ये तो नियम लिहून एक फाइल ठेवा आणि तिचा पाथ हेड-इन्क्लूडला द्या. फॉन्टच्या यादीत मोनोस्पेसनंतर नोटो सान्स देवनागरी लिहिलंत तर वाचायलाही बरं पडतं.

मराठी नावाच्या फाइली टर्मिनलवर \३४०\२४४ अशा आकड्यांत दिसत असतील तर कोअर.कोटपाथ ‘फॉल्स’ करा. आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली ब्राउझरवर रोमन गिचमिडच दिसणार. त्या आधी युनिकोडमध्ये आणूनच कमिट करा.

प्रश्न : यादीतला ‘आयडल’ रकाना चुकीचा आहे. दोन वर्षं हात न लावलेली रिपॉझिटरी ‘३ दिवस’ दाखवते. (नागपूर)

सीगिट यादी बनवताना कमिट उघडून बघत नाही, महाग पडेल. ते ब्रांचच्या फाइलीची तारीख बघतं आणि ती नसेल तर पॅक्ड-रेफ्स या फाइलीची. ‘गिट जीसी’ (गिटची साफसफाई) चालला की ब्रांचची फाइल जाऊन सगळं पॅक्ड-रेफ्समध्ये जमा होतं, आणि तारीख पडते साफसफाईची.

खरी तारीख तुम्ही लिहून ठेवायची. रिपॉझिटरीच्या आत ‘इन्फो/वेब’ फोल्डर करा आणि पोस्ट-रिसीव्ह हुकमधून ‘लास्ट-मॉडिफाइड’ नावाच्या फाइलीत शेवटच्या कमिटची तारीख भरा. ‘गिट फॉर-ईच-रेफ’ला कमिटर-डेटप्रमाणे उलटा क्रम, संख्या १ आणि तारखेचा आयएसओ नमुना सांगितला की एका ओळीत काम होतं. हुक एक्झिक्युटेबल करायला विसरू नका. जुन्या सगळ्या रिपॉझिटऱ्यांवर तीच कमांड एकदा लूपमध्ये फिरवा. बाहेरून फेच करून ठेवलेल्या मिररमध्ये पोस्ट-रिसीव्ह चालतच नाही, तिथे फेचच्या क्रॉनमध्ये ही ओळ जोडा.

प्रश्न : वर्गात प्रोजेक्टरवर एकाच रिपॉझिटरीचा इतिहास ब्राउझरमध्ये दाखवायचा आहे. त्यासाठी एवढा सगळा खटाटोप? (सांगली)

मुळीच नको. गिटवेब (सीगिटसारखाच प्रोग्रॅम) आणि लाइटटीपीडी (छोटा वेब सर्व्हर) ही पॅकेज टाका, रिपॉझिटरीत जाऊन ‘गिट इन्स्टावेब --लोकल’ म्हणा. पोर्ट १२३४ वर गिटवेब उघडतं आणि ‘--लोकल’मुळे ते तुमच्याच यंत्रापुरतं राहतं, कॉलेजच्या वायफायवर दिसत नाही. लाइटटीपीडी नको असेल तर ‘--एचटीटीपीडी=पायथन’. तास संपला की ‘गिट इन्स्टावेब --स्टॉप’. नुसता ब्राउझर बंद केला तर सर्व्हर मागे चालूच राहतो.